प्रकाशलहरी आणि ध्वनिलहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून शिकतात आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून वाचतात. परीक्षेपुरती उत्तरं पाठ होतात, पण घरी आजोबांनी साधा प्रश्न विचारला की समजावून सांगताना अडखळायला होतं. विद्यार्थी, पालक आणि काही शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नात खोली आहे तिथे उत्तर लांबलं आहे, बाकीची दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

दोन्हींना लहरीच म्हणतात, मग मूळ फरक कोणता?

ध्वनी म्हणजे पदार्थाचं हलणं. हवा, पाणी, लाकूड, चिरा, यांतलं काहीतरी हललं तरच ध्वनी होतो. प्रकाशात पदार्थ हलत नाही. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची आंदोलनं होतात, आणि ती अगदी रिकाम्या जागेतही होऊ शकतात.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाचा तक्ता बहुतेक मुलं वेगापासून सुरू करतात: प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, ध्वनी हवेत सुमारे ३४३ मीटर. मला हा क्रम पटत नाही. वेग हा परिणाम आहे. मुळाशी दोन गोष्टी आहेत: काय हलतं, आणि एकेक लहर केवढी लांब असते. या दोन गोष्टी नीट समजल्या तर खालच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलाला स्वतःच काढता येतं. म्हणून तक्ता पाठ करण्यापेक्षा त्यांवर वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे.

साम्यही भरपूर आहे. दोन्ही लहरी ऊर्जा वाहून नेतात, आदळून परततात, माध्यम बदललं की वळतात, एकमेकींत मिसळून कुठे वाढतात तर कुठे विझतात. 'वेग = वारंवारता × तरंगलांबी' हे सूत्र दोघींना सारखंच लागू आहे. वारंवारता म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलनं, तरंगलांबी म्हणजे एका लहरीची लांबी.

आवाज येतो तेव्हा हवा वाजणाऱ्या वस्तूपासून आपल्या कानापर्यंत येते का?

नाही. चवथीच्या आरतीत घुमट या वाद्यावर थाप पडली की ताणलेलं कातडं आत जातं आणि बाहेर येतं. बाहेर येताना समोरची हवा दाबली जाते, आत जाताना विरळ होते. दाबलेला थर पुढच्या थराला दाबतो, तो त्याच्या पुढच्याला. जत्रेत देवळाच्या दारातल्या रांगेत मागून धक्का बसला की तो पार पुढच्या माणसापर्यंत पोचतो, पण माणसं आपापल्या जागीच असतात. हवेचंही तसंच होतं.

हा धक्का किती हलका असतो हे ऐकून मुलांना नवल वाटतं, आणि ते वाटायलाच हवं. साध्या बोलण्यात हवेचा दाब जेमतेम ०.०२ पास्कलने वरखाली होतो. वातावरणाचा एकूण दाब आहे १,०१,३२५ पास्कल. म्हणजे पन्नास लाखांतला एक भाग बदलतो, आणि कान तेवढ्यावरून कोण बोलतंय हेसुद्धा ओळखतो.

वेगाचं गणितही इथेच सुटतं. धक्का एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचतो तो रेणूंच्याच धावपळीतून. हवेचे रेणू साधारणपणे सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेगाने धावत असतात, त्यामुळे ध्वनी त्याहून पुढे जाऊच शकत नाही. ऊन वाढलं की रेणूंचा वेग वाढतो आणि ध्वनीचाही, दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने. मे महिन्यात पणजीत पारा ३३ अंशांवर असला की ध्वनी सेकंदाला ३५१ मीटरच्या आसपास जातो.

न्यूटनने १६८७ मध्ये हा वेग केवळ गणिताने काढला होता, पण उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आलं. लाप्लासने पुढे कारण दाखवलं: हवा इतक्या झटपट दाबली जाते की तिच्यात तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे हवा अधिक ताठ वागते आणि ध्वनी अधिक वेगाने जातो.

प्रकाशात पदार्थ हलत नाही, तर हलतं तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं कौतुक करा, कारण एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नावर अडले होते. लहर म्हटली की लहरणारं काहीतरी हवं, म्हणून सगळं विश्व 'ईथर' नावाच्या अदृश्य माध्यमाने भरलेलं आहे असं मानलं गेलं. १८६५ मध्ये मॅक्सवेलने दाखवलं की बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युत क्षेत्र निर्माण करतं, आणि ही जोडी एकमेकांच्या आधाराने पुढे सरकते. तिचा वेग त्याने गणिताने काढला, तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. तरीही ईथरची कल्पना सुटली नव्हती. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी पृथ्वी ईथरमधून धावताना प्रकाशाच्या वेगात पडायला हवा तो फरक मोजायचा प्रयत्न केला. फरक सापडलाच नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथर ही कल्पनाच अनावश्यक ठरवली.

ध्वनीची बाजू त्याच्या दोनशे वर्षं आधी स्पष्ट झाली होती. रॉबर्ट बॉईलने १६६० च्या सुमारास काचेच्या भांड्यातली हवा काढत काढत आतला आवाज क्षीण होताना ऐकला. आतली वस्तू मात्र शेवटपर्यंत दिसत राहिली. एकाच भांड्यात दोन्ही लहरींची परीक्षा झाली.

अनुतरंग आणि अवतरंग यांतला फरक परीक्षेबाहेर कुठे दिसतो का?

दिसतो, मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून. दुपारी पाण्यावरून येणारी चकाकी डोळ्यांना त्रास देते. पोलरॉइड गॉगल लावला की ती बरीच कमी होते, आणि गॉगल हातात धरून आडवा-उभा फिरवला तर चकाकी वाढते-घटते. प्रकाशाची आंदोलनं त्याच्या प्रवासाच्या दिशेला आडवी असतात, म्हणजे ते अवतरंग, म्हणून 'कुठल्या बाजूला आडवी' हा प्रश्न तिथे उद्भवतो. पाण्यावरून परतलेल्या प्रकाशात क्षितिजाला समांतर आंदोलनं जास्त असतात आणि गॉगल नेमकी तीच अडवतो. याला ध्रुवीकरण म्हणतात. परावर्तित प्रकाशातलं ध्रुवीकरण १८०८ मध्ये मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाला पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेल्या उन्हात सापडलं.

हवेतल्या ध्वनीत रेणू प्रवासाच्याच दिशेने पुढे-मागे होतात, म्हणजे ते अनुतरंग. तिथे वेगळी बाजू अशी नसतेच, त्यामुळे हवेतल्या ध्वनीसाठी असा गॉगल कुणालाही बनवता येणार नाही. घन पदार्थात मात्र ध्वनी दोन्ही प्रकारे जातो. भूकंपाच्या लहरींत आधी अनुतरंग पोचतात, मागून अवतरंग.

इथे सी. व्ही. रामन यांची आठवण काढायलाच हवी. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना ध्रुवीकरण ओळखणारा छोटा लोलक त्यांच्याजवळ होता. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जाई. रामन यांनी लोलकाने पृष्ठभागावरची चकाकी काढून टाकली, तरी निळा रंग उरलाच. तो पाण्याच्या रेणूंकडून विखुरलेल्या प्रकाशाचा होता. पाणी लाल रंग शोषून घेतं, हेही त्या निळाईचं मोठं कारण आहे. याच रामन यांनी त्याआधी तबला आणि मृदंग यांच्या नादावर संशोधन केलं होतं. मधल्या शाईच्या वजनामुळे या वाद्यांचे उपस्वर सुरेल जुळतात, हे त्यांनी दाखवलं. ध्वनी आणि प्रकाश या दोन्हींवर इतक्या आवडीने काम केलेला माणूस आपल्या देशातला आहे, हे मुलांना सांगावं.

वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो. त्यावरून अंतर कसं काढायचं?

चमक दिसल्यापासून सेकंद मोजा आणि तीनने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. प्रकाशाला एक किलोमीटर यायला सेकंदाचा तीन लाखावा भाग लागतो, तो सोडून दिला तरी चालतं. ध्वनीला तेवढ्याच अंतरासाठी जवळपास तीन सेकंद लागतात. चमक आणि आवाज यांत १२ सेकंद गेले, तर वीज चारेक किलोमीटरवर होती.

वीज क्षणात चमकते, मग गडगडाट एवढा वेळ का चालतो? विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते. तिच्यातली हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापून एकदम फुगते आणि संपूर्ण रेघेवर आवाज एकाच वेळी होतो. पण रेघेचं एक टोक आपल्या जवळ असतं, दुसरं लांब ढगात. जवळचा आवाज आधी पोचतो, लांबचा मागाहून येत राहतो. डोंगरांवरून परतलेले आवाज त्यात भर घालतात, म्हणून सत्तरीच्या बाजूला गडगडाट जास्त लांबल्यासारखा वाटतो.

गोव्यात विजांचा जोर ऐन पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात अधिक असतो. तेव्हा कुणी शेतात असतो, कुणी बागायतीत, मुलं मैदानावर. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ असेल तर ताबडतोब पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. माडाखाली किंवा आंब्याखाली थांबू नका.

वळणाआडून पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू येतो, पण पोदेर दिसत का नाही?

सुरुवातीला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी इथे कामाला येते: लहर केवढी लांब आहे.

आपल्याला ऐकू येणाऱ्या ध्वनीची वारंवारता २० ते २०,००० हर्ट्झ असते. हवेत त्याची तरंगलांबी साधारण १७ मीटरपासून १७ मिलिमीटरपर्यंत येते. भोंपूच्या आवाजातल्या बऱ्याच लहरी हातभर ते मीटरभर लांब असतात. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. दोन्हींत लाखो पटींचं अंतर आहे.

लहर अडथळ्याच्या कडेवरून वळते किंवा फटीतून बाहेर पडून पसरते, पण डोळ्यांत किंवा कानात भरेल इतकी केव्हा? अडथळा किंवा फट तिच्या तरंगलांबीच्या जवळपास असेल तेव्हा. घराचा कोपरा, दार, कुंपणाचा गडगा ही सगळी मीटरांतली मापं आहेत. भोंपूच्या लहरींना ती सोयीची आहेत, म्हणून आवाज वळून स्वयंपाकघरापर्यंत येतो. प्रकाशाच्या लहरींपुढे घराचा कोपरा अवाढव्य असतो, म्हणून प्रकाश सरळ निघून जातो आणि मागे धारदार सावली पडते.

प्रकाश वळतच नाही असं मात्र नाही. रात्री रस्त्यावरचा लांबचा दिवा उघड्या छत्रीच्या काळ्या कापडातून पाहा. दिव्याभोवती रंगीत ठिपक्यांची फुली दिसेल. कापडाच्या धाग्यांमधली बारीक छिद्रं प्रकाश वळवायला पुरेशी लहान असतात. थॉमस यंगने १८०१ च्या सुमारास प्रकाशाचे लहरींसारखे पट्टे दाखवून प्रकाश ही लहर असल्याचा भक्कम पुरावा दिला. पावसाळ्यात छत्री हातात असताना हा प्रयोग चुकवू नये.

धुक्यात दिवा दिसत नाही, पण भोंगा ऐकू येतो. यामागेही तरंगलांबीच आहे का?

होय. धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा असतो. प्रकाशाच्या लहरीपेक्षा तो कितीतरी मोठा, म्हणून प्रत्येक थेंब प्रकाश इकडेतिकडे उधळतो. मीटरभर लांबीच्या ध्वनिलहरीला तो थेंब जाणवतही नाही. म्हणूनच जगभरच्या बंदरांत दिव्याच्या जोडीला घंटा आणि भोंगे ठेवत.

आग्वादच्या किल्ल्यावरचा जुना दीपस्तंभ १८६४ चा. जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या पडक्या मठातली मोठी घंटा काही काळ या दीपस्तंभावर होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आली आणि आजही तिथेच आहे. पायऱ्यांखालून जाताना वर नजर टाका.

पाण्यात ध्वनी जलद जातो आणि प्रकाश हळू, असं उलटं का?

समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १,५०० मीटर प्रति सेकंद, हवेच्या चौपटीहून जास्त. प्रकाश मात्र हवेतल्या ३ लाखांवरून पाण्यात सुमारे २.२५ लाख किलोमीटरवर येतो.

पाणी हवेपेक्षा जड आहे हे खरं, पण ते दाबायला त्याहून कितीतरी कठीण आहे. दाबल्याबरोबर ते लगेच उलट ढकलतं, म्हणून धक्का झपाट्याने पुढे जातो. पोलादात तर ध्वनी सेकंदाला ५ किलोमीटर किंवा त्याहूनही जलद जातो. प्रकाशाला पदार्थाची मदत लागतच नाही. वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन त्याच्या क्षेत्रामुळे हलतात, स्वतःही लहरी सोडतात आणि एकूण लहर मागे पडते. ध्वनीला पदार्थ चालवतो, प्रकाशाला पदार्थ अडवतो.

या फरकाने इतिहासातला एक मोठा वादही मिटवला. न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कण आणि ते पाण्यात जास्त वेगाने जायला हवे होते. लहर मानणाऱ्यांच्या मते वेग कमी व्हायला हवा होता. १८५० मध्ये फूकोने प्रत्यक्ष तुलना केली. प्रकाश पाण्यात हळू निघाला.

किनाऱ्यावरच्या माणसाला याचा उपयोग रोजचा आहे. ट्रॉलरवरचं मासे शोधणारं यंत्र पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतं. तळ ३० मीटरवर असेल तर तो जाऊन-येऊन ६० मीटर प्रवास करतो आणि ०.०४ सेकंदात परत येतो. मधेच माशांचा थवा असेल तर त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून ठोका लवकर परततो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांची जहाजं समुद्रतळाचे नकाशे याच तत्त्वावर काढतात. प्रकाश इथे फार उपयोगी पडत नाही. स्वच्छ पाण्यातही लाल रंग पहिल्या दहाएक मीटरमध्येच बराचसा शोषला जातो आणि १,००० मीटरखाली सूर्यप्रकाश पोचतच नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात त्याहूनही लवकर विरतात.

आपल्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन वाट आणि भक्ष्य ध्वनीनेच शोधतात. त्यांच्या टकटकीतल्या उंच वारंवारतेच्या लहरी पाण्यात सेंटिमीटरभर लांब असतात, त्यामुळे लहान मासाही त्यांना ओळखता येतो. गढूळ पाण्यात आवाज हेच त्यांचे डोळे आहेत. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या होड्यांनी इंजिनं जोरात चालवत त्यांना घेरू नये, असं मला मनापासून वाटतं.

पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू का येत नाही?

हवेतून पाण्यावर आदळलेल्या ध्वनीच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत शिरतो, बाकीचा परततो. प्रकाशाचं उलटं आहे. सरळ वरून पडलेल्या उन्हापैकी फक्त २ टक्के परततं. पाण्यातच झालेला आवाज, उदाहरणार्थ होडीच्या पंख्याचा, बुडी मारलेल्याला छान ऐकू येतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. दोन्ही कानांत आवाज पोचण्यातला फरक पाण्यात फारच कमी होतो आणि मेंदू दिशा त्या फरकावरूनही ठरवतो. नदीत पोहणाऱ्यांनी म्हणून इंजिनाचा आवाज आला की वर येऊन बघावं.

रेडिओच्या लहरी म्हणजे ध्वनिलहरीच ना? त्यातून आवाज तर येतो.

हा गैरसमज मोठ्यांमध्येही आढळतो. रेडिओलहरी प्रकाशाच्या कुळातल्या आहेत, फक्त खूप लांब. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर असते. आवाजाचा नकाशा तेवढा तिच्यावर चढवलेला असतो. खरा ध्वनी तुमच्या घरातल्या स्पीकरचा पडदा हलल्यावरच जन्मतो.

फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पंचाने शिट्टी वाजवली, तर १०० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ती सुमारे ०.२९ सेकंदाने ऐकू येते. पंचाजवळच्या मायक्रोफोनमधून तीच शिट्टी जुन्या पद्धतीच्या थेट रेडिओवरून ४०० किलोमीटरवर मुंबईला दीड मिलिसेकंदाच्या आत पोचते. तिथे कान रेडिओला लावून बसलेल्याला ती आधी ऐकू येईल. आजच्या मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, पण तो वेळ माहितीवर प्रक्रिया करण्यात जातो, लहरीच्या प्रवासात नाही.

अवकाशात आवाज जात नाही, तर केसरबाईंचं गाणं तिथे कसं गेलं?

फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत आहे, आणि गोव्याला याचा अभिमान असायलाच हवा. ती तबकडी तांब्याची असून तिला सोन्याचा मुलामा आहे. तिथे गाणं ध्वनीच्या रूपात नाही, खाचांच्या रूपात आहे. यानाभोवती जवळजवळ निर्वात असल्याने तिथे ते कुणालाही ऐकू येणार नाही. कुणी ती तबकडी मिळवून हवेत वाजवली तरच भैरवी पुन्हा उमटेल. यानाशी आपला संपर्क चालतो तो रेडिओलहरींनी. व्हॉयेजर १ इतकं दूर गेलं आहे की प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या संदेशालाही एका बाजूचा प्रवास करायला २२ तासांहून जास्त लागतात.

सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मध्ये हवा असती आणि सूर्याचा आवाज तिच्यातून निघाला असता, तर त्याला जवळपास १४ वर्षं लागली असती.

रुग्णवाहिका पुढे निघून गेली की सायरनचा सूर उतरतो. प्रकाशातही असं होतं का?

होतं. याला डॉपलर परिणाम म्हणतात, डॉपलर या शास्त्रज्ञाने तो १८४२ मध्ये मांडला. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या रुग्णवाहिकेचा सूर येताना सुमारे ५ टक्के चढलेला असतो आणि जाताना तेवढाच उतरलेला. एकूण फरक षड्जापासून ऋषभापर्यंतच्या अंतरापेक्षा थोडासाच कमी असतो, म्हणून गाण्याचा कान नसलेल्यालाही तो कळतो. प्रकाशाच्या वेगापुढे ६० किलोमीटर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे दिव्याचा रंग बदललेला दिसत नाही. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशात मात्र तो बदल स्पष्ट मोजता येतो.

पहाटे नदीपलीकडचं बोलणं इतकं स्पष्ट का ऐकू येतं?

मांडवीच्या किंवा जुवारीच्या काठावर राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची थोडी ऊबदार. ऊबदार हवेत ध्वनी जलद जातो, त्यामुळे वर निघालेली लहर खाली वळते आणि पाण्यावरून पलीकडे पोचते. दुपारी जमीन तापली की उलट घडतं, आवाज वर वळून निघून जातो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाण्यासारखं दिसणारं मृगजळही असंच होतं. खालच्या गरम हवेमुळे प्रकाश वर वळतो आणि रस्त्यावर आकाश दिसतं. या बाबतीत दोन्ही लहरी एकाच दिशेने वळतात.

लाल आणि हिरवा मिसळला की पिवळा दिसतो. दोन स्वर मिसळले की तिसरा स्वर का ऐकू येत नाही?

कारण लहरींपेक्षा आपल्या इंद्रियांत आहे. डोळ्यात रंगांसाठी फक्त तीन प्रकारच्या पेशी असतात. मोबाइलच्या पडद्यावर पिवळा प्रकाश नसतोच, लाल आणि हिरवे ठिपके शेजारी असतात आणि डोळा त्यांचा एकच निकाल देतो. कानाच्या आतल्या शंखाकृती नळीत वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या वारंवारतांना प्रतिसाद देतात. म्हणून तानपुऱ्याच्या जुळलेल्या तारांतूनही पंचम वेगळा ऐकू येतो. डोळ्याची मर्यादा एका सप्तकाच्याही आतली आहे, कान सुमारे दहा सप्तकं ऐकतो. दिशा आणि बारकावे दाखवण्यात मात्र डोळा कानाच्या फार पुढे आहे, कारण प्रकाशाची लहर इवलीशी असते.

मोठा आवाज अपाय करतो, तसा तेज प्रकाशही. दोन्ही अपाय सारखेच का?

नाहीत. कानाला दुखेल असा १२० डेसिबलचा आवाज चौरस मीटरला १ वॅट ऊर्जा आणतो. दुपारचं ऊन आणतं सुमारे १,००० वॅट. तरी आवाज कान कायमचा बिघडवू शकतो, कारण कान अतिसंवेदनशील आहे. इथे आवाजाची तीव्रता आणि किती वेळ ऐकला, या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

प्रकाशात वारंवारतेलाही महत्त्व आहे, कारण तो पुंजांनी, म्हणजे ऊर्जेच्या छोट्या गाठोड्यांनी येतो आणि एका पुंजाची ऊर्जा वारंवारतेवर ठरते. अतिनील किरणांचा एकेक पुंज त्वचेतल्या रेणूंचे बंध तोडू शकतो. मोबाइलच्या लहरींचा पुंज त्याच्या लाखो पटींनी दुबळा असतो, कितीही पुंज आले तरी एकेकट्याला ते काम जमत नाही.

आवाजाबाबत कायदाही जाणून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते. ठोक्याचा खोल आवाज भिंती आणि बंद खिडक्या ओलांडून घरात शिरतो, दिव्याचा झोत पडद्याने अडतो. झाडांची एखादी रांग लावून आवाज फारसा कमी होत नाही.

ध्वनीपेक्षा वेगवान विमान असतं, मग प्रकाशापेक्षा वेगवान का नाही?

ध्वनीचा वेग ही हवेची मर्यादा आहे. विमान ती ओलांडतं तेव्हा हवेला बाजूला व्हायला सवड मिळत नाही आणि दाबाचा धक्का साठून मोठा स्फोटासारखा आवाज जमिनीवर येतो. निर्वातातला प्रकाशाचा वेग, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, ही विश्वाचीच मर्यादा आहे. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जाते. पाण्यात मात्र प्रकाश मागे पडतो आणि तिथे वेगवान इलेक्ट्रॉन त्याच्या पुढे जाऊ शकतात. तेव्हा निळसर उजेड पडतो, त्याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. पाण्यात ठेवलेल्या अणुभट्टीच्या गाभ्याभोवती तो दिसतो.

घरी किंवा शाळेत हे वेग स्वतः मोजता येतील का?

दोन्ही मोजता येतात. ध्वनीसाठी शाळेच्या मोठ्या भिंतीपासून मोकळ्या मैदानात ५० मीटरवर उभे राहा आणि टाळ्या वाजवा. प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल असा ठेका धरा. पहिल्या टाळीला शून्य म्हणून घड्याळ सुरू करा, मोजायला लागा आणि 'वीस' म्हणताना टाळी पडली की घड्याळ थांबवा. एवढ्या वेळात ध्वनीने ४,००० मीटर कापलेले असतात. घड्याळात साडेअकरा सेकंदांच्या आसपास वेळ आला तर तुमचं माप उत्तम आहे.

प्रकाशासाठी मायक्रोवेव्ह ओव्हन लागतो, आणि हे मोठ्या माणसाने करावं. आतली फिरती थाळी आणि तिला फिरवणारा भाग काढून घ्या. सपाट ताटलीत चॉकलेटची वडी ठेवून ओव्हन काही सेकंदच चालवा, रिकामा कधीही चालवू नका. चॉकलेट काही ठिकाणीच वितळलेलं दिसेल. शेजारच्या दोन वितळलेल्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजा, ते ६ सेंटिमीटरच्या आसपास येतं. ही अर्धी तरंगलांबी. तिची दुप्पट करा, मीटरमध्ये आणा आणि ओव्हनच्या मागे लिहिलेल्या वारंवारतेने गुणा, बहुधा २,४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी आंदोलनं. गुणाकार ३० कोटी मीटर प्रति सेकंदाच्या जवळ येतो. पट्टीत दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर पाचेक टक्क्यांनीच हलतं.